चित्र दाखवता, उतारा कधी देणार?

तीन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी सुटीत फराळाला आला आणि चकलीची ताटली बाजूला सारून त्याने पिशवीतला संगणक मांडीवर उघडला. पडद्यावर भाताच्या दोन रोपांचे सुबक रेखाचित्र होते. एका रोपाला पाणी दिलेले, दुसऱ्याचे पाणी तोडलेले. पहिले रोप फिकट पिवळे. दुसरे शेंड्यापासून मुळापर्यंत तांबडेलाल. "सर, हे पाहा," तो म्हणाला, "पाणी तुटले की हे जनुक असे पेटून उठते. मी याच्यावरच काम करणार." मी शाळेत चित्रकला शिकवतो. रंग दिसला की जो प्रश्न वर्षानुवर्षे माझ्या तोंडी बसला आहे तोच बाहेर पडला: "लाल म्हणजे किती लाल?" पोरगा आधी हसला आणि मग विचारात पडला. "ते इथे सांगत नाहीत, सर. चित्र तेवढे उतरवून घेता येते."

या वाक्याने माझी ती दिवाळी नासली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. परंतु ते वाक्य काट्यासारखे रुतून राहिले हे खरे. आणि पुढे त्या मुलाचे जे झाले ते पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य राहिले नाही. चित्र तेवढे घ्या, आकड्यांच्या वाटेला जाऊ नका, असे सांगणारी एक वृत्ती आपल्याकडच्या विद्याक्षेत्रात चांगलीच मुरली आहे. तिच्याशी माझे भांडण आहे, आणि ते मी येथे चव्हाट्यावर मांडणार आहे.

भांडणाआधी भांडणाचा विषय सांगितला पाहिजे. 'अभिव्यक्ती' हा शब्द आमच्या समीक्षकांनी इतका वापरून झिजवला आहे की 'जनुकांची अभिव्यक्ती' म्हटल्याबरोबर एखाद्या नवकवितेचा वास यावा. पण वनस्पतिशास्त्रात या शब्दाला फार नेमका अर्थ आहे. झाडाच्या प्रत्येक पेशीजवळ जनुकांचे तेच संपूर्ण पुस्तक असते. मुळाच्या पेशीतले पुस्तक वेगळे आणि फुलाच्या पेशीतले वेगळे, असे नसते. फरक असतो तो कोणती पेशी त्यातले कोणते धडे उतरवून घेते याचा. मुळाची पेशी काही धड्यांच्या नकला भराभर काढते, पानाची पेशी दुसऱ्याच धड्यांच्या काढते, आणि पाणी तुटले, थंडी पडली, कीड लागली की नकलांची संख्या बदलते. या नकला आरएनएच्या असतात. त्या मोजल्या की कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती बोलते हे कळते. हीच ती अभिव्यक्ती.

या मोजणीचा लाडका नमुना म्हणजे अरॅबिडॉप्सिस थॅलियाना नावाचे मोहरीच्या कुळातले एक चिमुकले तण. बी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत पुन्हा बी देणारे. खायच्या उपयोगाचे नाही, पण प्रयोगशाळेच्या फळीवर हजारोंनी वाढवता येते. त्याची जनुकीय संहिता डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. वनस्पतींत हा मान त्याला पहिला मिळाला. ५ गुणसूत्रे आणि २५ हजारांहून अधिक जनुके एवढा त्याचा संसार. प्रत्येक जनुकाला एखाद्या घराला नगरपालिकेने द्यावा तसा क्रमांक दिलेला आहे: एटी१जी०१०१० म्हणजे अरॅबिडॉप्सिस थॅलियानाच्या पहिल्या गुणसूत्रावरचे अमुक घर. पुढे २००५ च्या सुमारास 'अ‍ॅटजेनएक्स्प्रेस' या आंतरराष्ट्रीय उद्योगातून या झाडाच्या मुळापासून परागापर्यंत, कोंबापासून पिकल्या पानापर्यंत, सुमारे २२ हजार जनुकांची मोजदाद झाली. आणि तीही प्रत्येक नमुना तीन-तीनदा घेऊन.

२२ हजार जनुके आणि शेकडो नमुने यांचा गुणाकार वाचकांनीच करावा. एवढे आकडे माणसाच्या डोळ्यांना पेलत नाहीत. म्हणून २००७ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातील मंडळींनी एक फार सुंदर युक्ती काढली. त्यांनी झाडाचे चित्रच काढले आणि ज्या अवयवात जनुक जितके बोलके तितका त्या अवयवात रंग भरला. पिवळ्यापासून लालपर्यंत चढता क्रम. तुलनेत कमी झाले तर निळा. 'ईएफपी ब्राउझर' हे त्याचे नाव. जनुकाचा क्रमांक लिहा, आणि झाड तुमच्यासमोर रंगून उभे राहते. पुढे याच धर्तीवर भात आणि इतर पिकांची चित्रेही आली. चित्रकलेचा मास्तर या नात्याने मी या युक्तीला मनापासून दाद देतो. एखादे जनुक केवळ परागातच बोलते ही गोष्ट शंभर ओळींच्या तक्त्यात जी सापडणार नाही ती या चित्रात एका दृष्टिक्षेपात सापडते. हेही सांगितले पाहिजे की टोरांटोच्या त्या चित्राबरोबर आकड्यांचा तक्ता उघडण्याची सोय दिलेली आहे. ज्यांनी युक्ती काढली त्यांनी दार ठेवले; ज्यांनी युक्तीची नक्कल केली त्यांच्यापैकी अनेकांनी भिंत बांधून घेतली; आणि ज्यांच्यासाठी दार ठेवले होते त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते उघडण्याची तसदीच घेतली नाही. माझा राग या शेवटच्या दोघांवर आहे.

आता रंगाची लबाडी सांगतो. लबाडी हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण रंग स्वतः खोटे बोलत नाही. पाहणारा त्याच्याकडून नको ते वदवून घेतो. अशा चित्रांत बहुधा प्रत्येक जनुकाची मोजपट्टी त्याची त्याला असते. म्हणजे त्या जनुकाचा जो सर्वांत मोठा आकडा असेल तो लालभडक, आणि बाकीचे त्याच्या खाली. एका जनुकाचा सर्वांत मोठा आकडा ४० असेल, दुसऱ्याचा ४,००० असेल. पडद्यावर दोन्ही सारखेच लाल. शाळेत एका वर्गातला पहिला आणि दुसऱ्या वर्गातला पहिला यांना सारखाच फेटा बांधावा आणि मग फेटे पाहून दोघांचे गुण सारखे समजावेत, तसा हा प्रकार. तुलनेचे चित्र तर याहून फसवे. त्यात पाणी दिलेल्या रोपाच्या किती पट, एवढेच रंगवले जाते. २ चे ४ झाले तरी दुप्पट आणि २,००० चे ४,००० झाले तरी दुप्पट. पहिली दुप्पट म्हणजे बहुधा मोजणाऱ्या यंत्राची कुजबुज. दुसरी म्हणजे झाडाने मारलेली हाक. रंगाला दोन्ही सारखेच.

आणखी एक गोष्ट. १९९८ साली गाजलेल्या एका संशोधनानंतर जनुकांचे तक्ते लाल आणि हिरव्या चौकटींत रंगवण्याची टूम जगभर पसरली. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांमागे एकाला लाल-हिरव्यातला भेद नीट कळत नाही. माझ्याही वर्गात पानांना तपकिरी रंग देणारे एखादे गुणी पोर अधूनमधून असतेच. त्याला वेडा ठरवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. अशा माणसापुढे लाल-हिरवा तक्ता टाकणे आणि आकडा न देणे याला विज्ञान म्हणायचे की थट्टा?

माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत थट्टा झाली नाही; घात झाला. त्याने ते तांबडेलाल जनुक निवडले. कोणत्या संस्थेच्या पडद्यावरचे चित्र होते हे मी सांगत नाही. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. त्याने आपल्या मार्गदर्शकांना विचारले की मूळ आकडे मिळवू का. मार्गदर्शक म्हणाले, "चित्र स्पष्ट आहे ना? तेच लाव. परीक्षक आकडे वाचत बसत नाहीत." झाले. त्या एका लाल रंगावर सव्वा वर्ष गेले. रोपे वाढवली, पाणी तोडले, पाने गोठवली, नकला मोजल्या. जनुक काही उठेना. हात चुकला असेल म्हणून पुन्हा केले. पुन्हा तेच. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली, घरी बाप विचारू लागला, आणि पोराचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत वाईट वाटते.

मग एका परगावच्या मित्राने त्याला सांगितले की चित्रामागची मोजणी एका सार्वजनिक भांडारात जमा आहे, ती उघड. तेथे ती सगळी वर्षे फुकट पडून होती. फायली उतरवून घेऊन, त्या वाचायला शिकून, त्याने आपल्या जनुकाची ओळ काढली. ज्या मोजमापात सरासरी १०० वर आणून बसवली होती, त्यात पाणी दिलेल्या तीन रोपांचे आकडे होते १०, १२ आणि ११. पाणी तोडलेल्या तिघांचे होते ९, १४ आणि ५५. पहिल्यांची सरासरी ११, दुसऱ्यांची २६, म्हणजे दुपटीहून जास्त, म्हणून तांबडेलाल! तिघांपैकी दोन रोपे जागची हलली नव्हती. एका रोपाने, किंवा एका सदोष मोजणीने, सगळे चित्र पेटवले होते. सहा आकडे. चौथीतल्या मुलाला दाखवले असते तरी त्याने विचारले असते, "हा ५५ एकटाच कसा?" हे सहा आकडे चित्राखाली बारीक टाइपात छापले असते, तर एका तरुणाचे सव्वा वर्ष वाचले असते.

यावर मला दोन प्रकारची उत्तरे मिळाली आहेत, आणि दोन्हींचा समाचार घेणे प्राप्त आहे.

पहिले उत्तर असे: चित्र हे सर्वांसाठी, आकडे हे तज्ज्ञांसाठी, सगळ्यांच्या हाती आकडे दिले तर गोंधळ माजेल. हा युक्तिवाद आपल्या देशात फार जुना आहे. देवळात सर्वांनी यावे, दुरून दर्शन घ्यावे, हात जोडावे. गाभाऱ्यात मात्र आम्हीच जाऊ. ज्ञानाच्या बाबतीत हा न्याय आपण एकदा मोडीत काढला आहे असे समजत होतो. तो संगणकाच्या पडद्यावरून पुन्हा आत येतो आहे, आणि या खेपेस फार मोहक रंगांत. शिवाय त्यात एक गंमत आहे. अवयव किती लाल रंगवायचा हे ठरवण्यासाठी यंत्राला आकडा वाचावाच लागतो. म्हणजे रंग भरताना आकडा तेथे हजर असतो. पाहणाऱ्याच्या हाती देताना मात्र तो काढून घेतला जातो. आकडा देणे हे जादा काम नाहीच. लपवणे हेच जादा काम आहे.

गावाकडच्या माणसाला हे मी दोन वाक्यांत समजावू शकतो. तलाठ्याच्या भिंतीवर गावनकाशा टांगलेला असतो. आपले शेत ओढ्याच्या कोणत्या अंगाला आहे हे त्यात दिसते आणि ते दिसलेच पाहिजे. पण बांधाचे भांडण निघाले, बँकेत कर्ज काढायचे झाले, म्हणजे कोणी नकाशाचा फोटो घेऊन जात नाही. सातबाऱ्याचा उतारा घेऊन जातो. त्यात क्षेत्र असते, धारकाचे नाव असते, पीक असते, आणि ज्या फेरफाराने ती नोंद झाली त्याचा क्रमांकही असतो. उतारा म्हणजे आपली गोष्ट आपल्या हातात घेऊन दुसऱ्या दारी जाण्याचा हक्क. जनुकांच्या चित्रांना मी मागतो आहे तो हाच उतारा: साध्या मजकुराच्या फायलीत, कोणत्याही संगणकावर उघडेल असा, जो मी घरी नेऊन माझ्या आकड्यांशेजारी ठेवू शकेन.

तथापि नुसता उतारा मागून माझे समाधान होणार नाही, कारण फेरफाराच्या नोंदीशिवाय मिळालेला उतारा चित्राइतकाच घातक असतो. आकडे बाहेर काढण्याच्या या कामातली पापे मी थोडक्यात सांगतो.

एक पाप परिमाणाचे. पुष्कळ तक्त्यांत मूळ आकडा दिलेला नसतो. दोनचा घात दिलेला असतो. तेथे ८ म्हणजे २५६ आणि १० म्हणजे १,०२४. ८ आणि १० पाहून कोणीही म्हणेल की फरक थोडा आहे. प्रत्यक्षात तो चौपट आहे. तक्त्याच्या डोक्यावर हे एका ओळीत लिहिले नाही, तर घेणाऱ्याची फसगत ठरलेली.

दुसरे पाप जुळ्यांचे. मोजणीच्या जुन्या चिपांवर जनुके ओळखण्यासाठी ज्या खुणा बसवलेल्या असत, त्यांतल्या काही दोन भावंड जनुकांना सारख्याच जुळत. एकाच आकड्यात दोघांचा आवाज मिसळलेला. मूळ खुणेच्या नावात याची निशाणी असे. पण पडद्यावरून तक्ता उतरताना खुणेचे नाव गळते आणि जनुकाचा क्रमांक तेवढा राहतो. मग धाकट्याचे पराक्रम थोरल्याच्या नावावर जमा होतात. आपल्या घराण्यांतही हे घडते. पण तेथे निदान भांडण तरी होते.

तिसरे पाप वेळेचे, आणि हे मला सर्वांत मोठे वाटते. झाडाच्या अंगात घड्याळ असते. अरॅबिडॉप्सिसमध्ये सीसीए१ नावाचे जनुक पहाटेच्या सुमारास शिखर गाठते आणि टॉक१ नावाचे दिवस मावळताना. त्या झाडाची साधारण एक तृतीयांश जनुके या घड्याळाच्या तालावर चढत-उतरत असतात असे संशोधकांना आढळले आहे. मग पान सकाळी खुडले की संध्याकाळी, हे कळल्याशिवाय त्या पानातल्या आकड्याला अर्थ तो काय? पाणी दिलेले रोप सकाळी कापले आणि पाणी तोडलेले दुपारच्या चहानंतर कापले, तर चित्रात दिसणारा लाल रंग तहानेचा की उन्हाचा? चित्रात घड्याळ काढलेले नसते. तक्त्यात तरी ते हवे.

चौथे पाप मात्र विनोदी आहे. आकडे बाहेर काढले म्हणजे बहुतेक लोक ते एक्सेलमध्ये उघडतात. एक्सेलला तारखांचे वेड. माणसाच्या जनुकांत सेप्ट२ आणि मार्च१ अशी नावे होती. एक्सेलने त्यांचे २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकले. २००४ साली याबद्दल इशारा दिला गेला होता. २०१६ साली एका पाहणीत असे आढळले की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या त्यांतल्या साधारण एक पंचमांशात अशा चुका शिल्लक होत्या. अखेर २०२० साली नावे ठरवणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावे बदलली. ती खोड बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. अरॅबिडॉप्सिसच्या घर-क्रमांकांना ही बाधा सहसा होत नाही हे त्या तणाचे नशीब. पण ज्या विद्वानांना आकडे सर्वसामान्यांच्या हाती गेल्याने गोंधळ होईल अशी भीती वाटते, त्यांनी स्वतःच्या याद्यांतले सप्टेंबर आधी मोजावेत.

यांपैकी कोणत्याही पापावरचा उतारा आज शोधायचा नाही. २००१ सालीच अशा मोजणीबरोबर किमान कोणती माहिती दिली पाहिजे याचा मसुदा तज्ज्ञांनी प्रसिद्ध केला. २०१६ साली माहिती सापडेल अशी, पोहोचता येईल अशी, एकमेकींशी जुळेल अशी आणि पुन्हा वापरता येईल अशी असावी, ही चार तत्त्वे मांडली गेली. अमेरिकेत आणि युरोपात मोजणीची सार्वजनिक भांडारे आहेत. आपल्याकडे २०२२ साली फरीदाबादला इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर सुरू झाले. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची माहिती तेथे जमा व्हावी असे धोरण आहे. म्हणजे कोठार आहे, कायदा आहे, मापे ठरलेली आहेत. उणीव आहे ती कोठार आणि खिडकी यांच्यामधल्या दाराची, आणि त्या दारातून जाण्याची सवय लावणाऱ्या गुरूची.

दुसरे उत्तर पैशाचे. "मास्तर, हे सगळे सांभाळायला माणसे लागतात, यंत्रे लागतात, फुकट कसे द्यायचे?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १९९९ साली सुरू झालेल्या 'टेअर' या अरॅबिडॉप्सिसच्या नामांकित माहितीकोशाचे सरकारी अनुदान थांबले, आणि २०१३ पासून त्याला विद्यापीठांकडून वर्गणी घेऊन जगावे लागले. नोंदी तपासणाऱ्या माणसांनी पगाराशिवाय राबावे असे म्हणणारा मी कोण? मीही पगारावर जगतो आणि मानधन उशिरा आले तर संपादकांना पत्र लिहितो. नोंदी नीट लावल्या, चुका काढल्या, शोधण्याची नवी सोय केली, तर त्याचे मोल घ्या. पण मोजणी जनतेच्या पैशाने झालेली असेल आणि तुम्ही तिला नुसता रंग फासला असेल, तर रंगाचे पैसे घ्या. मोजणी ओलीस ठेवू नका. टेअरनेही वर्गणी लावताना नवी माहिती वर्षभराने सर्वांना खुली करण्याची वाट ठेवली. ज्याला द्यायचे आहे त्याला वाट सापडते.

तिसरा एक आक्षेप माझ्या तोंडावर कोणी घेतला नाही, पाठीमागे घेतला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या कादंबरीकाराने जनुकांत नाक का खुपसावे? त्याचे उत्तर देतो. मी जनुकांत नाक खुपसलेले नाही. मी चित्रात खुपसले आहे आणि चित्र हा माझा धंदा आहे. वर्गातला मुलगा नकाशा रंगवतो तेव्हा कोपऱ्यात सूची काढल्याशिवाय मी त्याला गुण देत नाही. हिरवा म्हणजे काय, तपकिरी म्हणजे काय, किती सेंटिमीटरला किती किलोमीटर, हे लिहिले नसेल तर तो नकाशा नव्हे, ती रांगोळी. दहावीच्या मुलाला जो नियम मी लावतो तो डॉक्टरेटच्या प्रबंधाला लावू नये, असे कोणते शास्त्र सांगते?

आणि आणखी एक कारण आहे, ते मात्र भाताचे. भाताची संहिता २००५ साली आंतरराष्ट्रीय प्रयत्नाने पूर्ण झाली. ११ व्या गुणसूत्राच्या कामात दिल्लीतल्या प्रयोगशाळांचा वाटा होता, याचा मला अभिमान आहे. परंतु ज्या वाणाची ती संहिता, तो निप्पोनबारे, जपानचा. भाताच्या अभिव्यक्तीचा जो मोठा कोश जपानमध्ये तयार झाला तोही तिकडच्या शेतात वाढलेल्या जपानी भाताचा. त्यात गैर काही नाही. ज्याने कष्ट केले त्याने आपले शेत मोजले. पण मुळशीच्या आंबेमोहोराचे रोप, किंवा वडगाव मावळला तयार झालेल्या इंद्रायणीचे रोप पाणी तुटल्यावर काय करते, हे त्या चित्रात दिसणार नाही. ते आपल्यालाच मोजावे लागेल. आणि मोजल्यावर ते जपानी भाताच्या शेजारी ठेवून पाहायचे तर रंगाशेजारी रंग ठेवून चालणार नाही. आकड्याशेजारी आकडा, परिमाणाशेजारी परिमाण, वेळेशेजारी वेळ ठेवावी लागेल. ज्यांच्या हाती चित्रेच आहेत ते कायम दुसऱ्याच्या झाडाकडे पाहत राहतील. ज्यांच्या हाती उतारा आहे तेच आपले झाड त्याच्या शेजारी लावू शकतील.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. चित्राच्या कोपऱ्यात आकड्यांसह रंगांची सूची असावी. चित्राखाली एक कळ असावी, ती दाबली की चित्रामागचे आकडे साध्या फायलीत हाती पडावेत. सरासरी तेवढी न देता प्रत्येक नमुन्याचा आकडा वेगवेगळा. त्या फायलीच्या डोक्यावर जन्मटिपण असावे: वाण कोणता, वय किती, अवयव कोणता, कापणी किती वाजता, उपचार काय, परिमाण कोणते, मूळ मोजणी कोणत्या भांडारात कोणत्या क्रमांकाखाली. आणि आपल्या विद्यापीठांनी एक छोटासा नियम करावा: ज्या रंगीत चित्रासोबत त्याचा तक्ता नाही ते चित्र प्रबंधात चिकटवू देऊ नये. मार्गदर्शक म्हणतात परीक्षक आकडे वाचत नाहीत. मग परीक्षकांचे मानधन कशाचे, पाने उलटण्याचे?

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. शिष्यवृत्ती गेली. वर्षभर एका शिकवणीवर्गात त्याने जीवशास्त्र शिकवले. त्यातून उरलेल्या वेळात त्याने भांडारातल्या फायली वाचायचे तंत्र नेटाने आत्मसात केले, आणि आता दुसऱ्या एका प्रयोगशाळेत त्याला पुन्हा जागा मिळाली आहे. या खेपेस त्याने जनुक निवडताना आधी ओळी वाचल्या, एकटा पडलेला आकडा कोठे आहे ते पाहिले, कापणीची वेळ शोधली, आणि मग चित्र उघडले.

परवा त्याचा फोन आला. दिवाळीला येतो म्हणाला. "सर, या वेळी चित्र नाही आणत, तक्ता आणतो."

मी म्हटले, "दोन्ही आण. चित्र मी पाहीन आणि तक्ता तू वाच."